परगावाहून एकटी आलेली मुले : मदत पथकातील प्रशिक्षणाची ओळख

पिरंगुट - पुण्यातील चांदणी चौकातून पौडच्या दिशेने निघाले, की भूगाव आणि भुकूम मागे टाकून रस्ता पिरंगुटला पोचतो. मुळशी तालुक्याची जुनी ओळख भाताची, त्यातही आंबेमोहोराची. गेल्या काही दशकांत मात्र या रस्त्यालगत कारखाने, गोदामे आणि गृहप्रकल्प उभे राहिले. कामाच्या शोधात मराठवाडा आणि विदर्भातून, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा अशा राज्यांतून माणसे येथे येऊ लागली. त्यांच्यासाठी पत्र्याच्या खोल्या, चाळी आणि बांधकामांच्या आवारातील वस्त्या तयार झाल्या. या माणसांबरोबर मुलेही येतात. बहुतेक मुले आई-वडिलांसोबत असतात. काही मात्र त्यांच्याविना आलेली असतात.

अशा मुलांना शोधणे, सुरक्षित ठेवणे आणि योग्य ठिकाणी पोचविणे हे काम अनेक यंत्रणा मिळून करतात. समाजकार्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी क्षेत्रकार्याच्या निमित्ताने या पथकांमध्ये काही महिने काम करतात. हे काम कसे चालते, विद्यार्थ्याने त्यात काय करायचे, काय टाळायचे आणि त्याच्या नोंदीवर मुलाचे किती अवलंबून असते, याची ही माहिती. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला आरंभीच एक गोष्ट शिकावी लागते. मूल कोणाबरोबर दिसते, एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही; ते कोणाच्या जबाबदारीवर आहे, हे शोधावे लागते.

'एकटे' कोणाला म्हणायचे?

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ मध्ये या विषयावर मार्गदर्शक टिपण प्रसिद्ध केले. त्यात मुलांचे दोन गट केले आहेत. आई-वडील आणि इतर नातेवाईक या सर्वांपासून दुरावलेले आणि कायद्याने वा रूढीने जबाबदार असलेल्या कोणत्याही प्रौढाच्या देखभालीत नसलेले मूल पहिल्या गटात मोडते. आई-वडिलांपासून दुरावलेले, पण एखाद्या नातेवाइकाबरोबर असू शकणारे मूल दुसऱ्या गटात येते. हे टिपण प्रामुख्याने देशाबाहेर गेलेल्या मुलांसाठी आहे. तरीही त्यातील भेद देशांतर्गत स्थलांतरालाही उपयोगी पडतो. बालहक्क संहिता १९८९ मध्ये संमत झाली आणि भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली.

भारतीय कायद्यात 'एकटे स्थलांतरित मूल' अशी स्वतंत्र वर्गवारी नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यात 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल' अशी व्यापक संज्ञा आहे. घर वा निर्वाहाचे साधन नसलेले, कामगार कायद्यांचे उल्लंघन करून कामावर ठेवलेले, हरवलेले, पळून आलेले किंवा ज्याच्या पालकांचा शोध लागत नाही असे मूल तिच्यात येते. वयोमर्यादा १८ वर्षांची आहे. मूल कोणत्या राज्याचे वा कोणत्या देशाचे, याने संरक्षणाच्या हक्कात फरक पडत नाही.

पिरंगुटसारख्या औद्योगिक पट्ट्यात अशा मुलांचे ढोबळमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला, घरातील मारहाण, शाळेतील अपयश किंवा शहराच्या ओढीने निघून आलेल्या मुलांचा. ही मुले पुणे स्थानकावर उतरतात आणि ओळखीपाळखीने ढाबा, गॅरेज किंवा गोदामापर्यंत पोचतात. दुसरा, घरच्यांनीच मुकादम, गाववाला किंवा लांबच्या काकाबरोबर पाठविलेल्या मुलांचा. अनेकदा या मुलाच्या नावावर घरी उचल घेतलेली असते. तिसरा, आई-वडिलांसोबत आलेल्या, पण नंतर एकट्या पडलेल्या मुलांचा. वडील काम सोडून दुसरीकडे जातात, आई रुग्णालयात असते किंवा दोघांपैकी कोणी उरत नाही. मूल शेजारच्या खोलीतील कुटुंबात राहते आणि बाहेरच्याला ते त्याच घरातले वाटते.

पहिल्या प्रकारातील मूल स्थानकावर लगेच नजरेस पडते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातील मुले वस्तीत मिसळून जातात. त्यामुळे रेल्वेमार्ग नसलेल्या मुळशी तालुक्यात या कामाचे स्वरूप स्थानकावरील कामापेक्षा वेगळे होते. येथे खोल्याखोल्यांतून, अंगणवाडीतून आणि बांधकामांच्या आवारातून माहिती मिळवावी लागते.

पथकात कोण कोण?

या साखळीतील सर्वांना परिचित दुवा म्हणजे १०९८ हा दूरध्वनी क्रमांक. ही सेवा जून १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून सुरू झाली. जेरू बिलिमोरिया यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. पुढे ती देशभर पसरली आणि दीर्घकाळ स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यामार्फत चालली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने शासनाकडे आली असून, ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली आहे. 'मिशन वात्सल्य' योजनेत जिल्हा पातळीवर तिचे कक्ष आहेत.

जिल्ह्यातील कामाचा समन्वय महिला व बालविकास विभागाचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. निर्णयाचा अधिकार बालकल्याण समितीचा असतो. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना असून, किमान एक सदस्य महिला असावी लागते. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसणे अपेक्षित आहे. बैठक नसेल तेव्हा मुलाला एका सदस्यासमोरही हजर करता येते. प्रत्येक पोलिस ठाण्यात एक बालकल्याण पोलिस अधिकारी आणि जिल्ह्यात विशेष बाल पोलिस पथक असावे, अशी तरतूद आहे. रेल्वेच्या हद्दीत रेल्वे सुरक्षा दल 'नन्हे फरिश्ते' या मोहिमेअंतर्गत एकट्या मुलांना ताब्यात घेऊन पुढील यंत्रणेकडे सोपविते. मुलांसाठी बालगृहे चालविणाऱ्या आणि वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही या साखळीत असतात.

समाजकार्याच्या शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. देशातील या विषयाची पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्यात सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून कार्यरत आहे. अशा संस्थांच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य हा परीक्षेइतकाच महत्त्वाचा भाग असतो. साधारणतः आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत काम करतो आणि अभ्यासक्रमाच्या अखेरीस सलग काही आठवडे पूर्णवेळ प्रशिक्षण घेतो. संस्थेतील अनुभवी कार्यकर्ता आणि महाविद्यालयातील प्राध्यापक असे दोघे त्याच्या कामावर देखरेख ठेवतात. प्रत्येक भेटीची लेखी नोंद आणि त्या नोंदीवर चर्चा ही या शिक्षणाची पद्धत आहे.

पहिले चोवीस तास

मूल सापडल्यानंतर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. या काळात काय घडते, यावर पुढची बरीच वाटचाल ठरते. आधी मुलाची प्रकृती पाहिली जाते. त्याला खायला दिले जाते, जखम वा ताप असल्यास उपचार होतात. त्यानंतर पोलिसांकडे नोंद होते. बेपत्ता मुलांच्या यादीशी त्याचे वर्णन ताडून पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिलेल्या आदेशानुसार मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली, की गुन्हा नोंदविणे बंधनकारक आहे. त्यामुळे घरच्यांनी तक्रार दिली असेल, तर त्याचा माग काढता येतो.

प्रशिक्षणार्थी या टप्प्यावर मुलाजवळ बसतो. पोलिस आणि कार्यकर्ते कागदपत्रांत गुंतलेले असतात; मूल मात्र बाकावर बसून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत असते. आता कोठे जायचे आहे, तेथे कोण भेटेल, रात्री कोठे झोपायचे, हे त्याला सोप्या शब्दांत सांगणे ही पहिली जबाबदारी. ज्या गोष्टीची खात्री नाही, ती सांगू नये, हा येथील पहिला नियम. 'उद्या घरी सोडतो' हे वाक्य धीर देण्यासाठी सहज तोंडून निघते. उद्या ते खरे ठरले नाही, तर मुलाचा पुढच्या प्रत्येक माणसावरचा विश्वास उडतो.

बोलते करणे, पण वदवून न घेणे

एकटे मूल पहिल्या दिवशी सांगते ती माहिती बहुधा अपुरी असते आणि अनेकदा खोटीही असते. त्यामागे कारणे असतात. घरी परत पाठवतील ही भीती असते. मुकादमाने 'पोलिस आले तर वय अठरा सांग' असे बजावलेले असते. कधी खरोखरच गावाचे नाव ठाऊक नसते. मुलाला वाडीचे किंवा टोल्याचे नाव माहीत असते, तालुका आणि जिल्हा माहीत नसतो. म्हणून मूल खोटे बोलले म्हणजे लबाड आहे, असा शेरा नोंदीत येता कामा नये. आधीचे उत्तर आणि नंतरचे उत्तर अशा दोन्ही गोष्टी तारखेसह लिहाव्यात, हेच योग्य.

प्रश्न विचारण्याचे काही संकेत ठरलेले आहेत. 'तुला मारत होते का?' असे विचारले, की मूल समोरच्याला हवे ते उत्तर देते. त्याऐवजी 'सकाळी उठल्यापासून काय काय करायचास?' असे विचारल्यास कामाचे तास, जेवण, झोपण्याची जागा आणि मालकाची वागणूक आपोआप कळते. घराचा शोध घेताना गावाच्या नावापेक्षा खुणा जास्त उपयोगी पडतात. आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, शाळेला जाताना नदी लागते की रेल्वेचे फाटक, गाडीत कोठे बसलास, जत्रा कोणत्या देवाची, शिक्षक कोणत्या गावाहून येत, अशा उत्तरांतून तालुका ओळखता येतो. पूर्वी आधार नोंदणी झाली असेल, तर बोटांच्या ठशांवरून ओळख पटल्याची उदाहरणेही देशात आहेत.

भाषेची अडचण मोठी असते. मराठी मुलखात वाढलेल्या विद्यार्थ्याला भोजपुरी, मैथिली, संथाळी किंवा ओडिया येत नाही. हिंदीत काम भागते असे वाटते. पण घाबरलेले मूल आपल्या बोलीतच मोकळे होते. दुभाषी लागला, तर तो मुलाच्या मुकादमाचा किंवा मालकाचा माणूस असता कामा नये. वस्तीतून सहज मिळणारा दुभाषी नेमका तोच असण्याचा संभव अधिक असतो, म्हणून ही खबरदारी महत्त्वाची ठरते.

लैंगिक अत्याचाराचा उल्लेख निघाल्यास प्रशिक्षणार्थीने पुढे चौकशी करू नये. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुलाला तेच तेच अनेकांसमोर सांगावे लागू नये, हाही त्या कायद्याचा हेतू आहे. ऐकलेले मुलाच्याच शब्दांत लिहून ताबडतोब वरिष्ठांना सांगणे, एवढेच प्रशिक्षणार्थीचे काम.

भुसावळ-मनमाडचा धडा

संशय आणि खात्री यांतील अंतर किती महाग पडू शकते, हे २०२३ मधील एका प्रकरणात महाराष्ट्राने पाहिले. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून प्रवास करणाऱ्या ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाड या स्थानकांवर उतरविण्यात आले. मुले बिहारमधील होती आणि त्यांच्यासोबत आई-वडील नव्हते. मानवी तस्करीच्या संशयावरून सोबतच्या पाच जणांवर गुन्हे दाखल होऊन त्यांना अटक झाली. मुले सुमारे बारा दिवस बालगृहांत राहिली आणि नंतर त्यांना बिहारला पाठविण्यात आले. ही मुले सांगलीतील मदरशात शिकण्यासाठी निघाली होती, असे सोबतच्यांचे म्हणणे होते. अटकेतील व्यक्तींना सुमारे चार आठवडे तुरुंगात काढावे लागले. तपासात तस्करीचा प्रकार आढळला नाही आणि मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी ही प्रकरणे बंद केली.

एवढी मुले पालकांविना प्रवास करताना दिसल्यास विचारपूस करणे हे यंत्रणेचे कर्तव्यच आहे. प्रश्न पडताळणीच्या वेगाचा आणि पद्धतीचा आहे. पालकांशी थेट दूरध्वनीवर बोलणे, मूळ जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडून गावात चौकशी करवून घेणे, प्रवेशाची कागदपत्रे तपासणे आणि प्रत्येक मुलाशी स्वतंत्रपणे बोलणे ही कामे पहिल्या एक-दोन दिवसांत होऊ शकतात. ही कामे प्रशिक्षणार्थीच्या आवाक्यातील आहेत. तीच झाली नाहीत, तर शिक्षणासाठी निघालेले मूल तस्करीचा बळी म्हणून नोंदले जाते. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. 'काकाबरोबर आहे' या एका वाक्यावर समाधान मानले, तर उचलीपोटी आलेले मूल पुन्हा त्याच मुकादमाच्या हाती जाते. दोन्ही चुका टाळण्याचा उपाय एकच आहे : सांगितलेले नाते तपासून पाहणे आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणताही शिक्का न मारणे.

कामावर सापडलेले मूल

औद्योगिक पट्ट्यातील पथकासमोर कामावरील मुलांचा प्रश्न वारंवार येऊ शकतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवता येत नाही. शाळेनंतर घरच्या उद्योगात केलेली मदत आणि बालकलाकार असे मोजके अपवाद त्यास आहेत. चौदा ते अठरा वर्षांच्या किशोरांना धोकादायक कामांवर बंदी आहे. खाणी आणि ज्वालाग्राही वा स्फोटक पदार्थांशी संबंधित कामे त्यात येतात. कायदा मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कारावास किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाला वेठीस धरणे किंवा त्याची कमाई अडकवून ठेवणे यासाठी बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. उचलीच्या फेडीसाठी राबविले जात असेल, तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदाही लागू होतो.

कायदा स्पष्ट असला, तरी मुलाचे मन तसे नसते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा अनेकदा सुटकेच्या पथकावरच रागावतो. महिन्याला घरी पैसे जात होते, ते आता थांबतील. घेतलेली उचल कोण फेडणार, हा त्याचा प्रश्न असतो. त्याला 'तुझ्या भल्यासाठीच' असे ऐकविण्याने काही साधत नाही. थकलेल्या मजुरीचा हिशेब त्याच्याकडून नीट घेणे जास्त उपयोगाचे ठरते. कोणत्या महिन्यापासून काम, ठरलेला पगार, हाती मिळालेली रक्कम आणि कापलेली रक्कम यांची नोंद झाली, तरच वसुलीचा मार्ग उघडतो.

वयाचा वाद उद्भवल्यास कायद्याने क्रम घालून दिला आहे. आधी शाळेचा दाखला वा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायतीसारख्या संस्थेने दिलेला जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणून मूळ गावच्या शाळेशी संपर्क साधून दाखला मिळविणे हे काम महत्त्वाचे असते आणि ते बहुधा प्रशिक्षणार्थीकडे येते.

घर शोधणे आणि घर तपासणे

समितीसमोर मुलाला हजर केल्यावर पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल सादर होणे अपेक्षित आहे. त्याच्या आधारे चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश व्हावा, अशी तरतूद आहे. मूल कुटुंबात परत जावे, हे कायद्याचे पहिले उद्दिष्ट असून, संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. मूल परजिल्ह्यातील वा परराज्यातील असेल, तर समिती त्याला मूळ जिल्ह्याच्या समितीकडे पाठविण्याचा आदेश देते. प्रवासात सोबत देण्याची व्यवस्थाही करावी लागते.

या अहवालात घराचा पत्ता, उत्पन्न आणि कुटुंबातील माणसे एवढी माहिती पुरत नाही. मूल घरातून का निघाले, याचे उत्तर त्यात यावे लागते. सावत्र नात्यातील छळ, वडिलांचे व्यसन, दुष्काळ, कर्ज, शाळा दूर असणे, ठरविलेले लग्न, यांपैकी जे कारण असेल ते कायम असताना मुलाला परत सोडले, तर काही महिन्यांत ते पुन्हा त्याच गाडीत बसते. मुलीच्या बाबतीत बालविवाह टाळण्यासाठी ती निघाली असेल, तर 'पालक मिळाले' या आनंदात तिला त्याच घरी पाठविणे म्हणजे तिच्या सुटकेचा मार्ग बंद करणे ठरते. मुलाचे स्वतःचे मत ऐकून घेणे समितीवर बंधनकारक आहे, ते याचसाठी.

घर सुरक्षित आहे, पण गरिबी हे कारण आहे, अशा ठिकाणी योजनांची जोड देता येते. 'मिशन वात्सल्य'मधील प्रायोजकत्व योजनेत पात्र मुलासाठी दरमहा ४,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. प्रशिक्षणार्थीने कुटुंबाची कागदपत्रे जुळविण्यात मदत केली, तर मुलाला परत कामावर पाठविण्याचे एक कारण तरी कमी होते. परत गेलेल्या मुलाची चौकशी पुढेही चालू राहावी लागते. शाळेत नाव घातले का, मुकादम पुन्हा आला होता का, हे दोन प्रश्न त्यात सर्वांत महत्त्वाचे.

महाराष्ट्राचा पूर्वानुभव

दुरावलेल्या मुलांना आसरा देण्याचा अनुभव राज्याला नवा नाही. मुंबई प्रांतात मुलांसाठीचा कायदा १९२४ मध्येच झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ दरम्यान सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुलांची संख्या मोठी होती. जामनगरजवळील बालाछडी येथील छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील पोलिश मुलेही वळिवड्यात आली. या छावणीत त्यांच्या भाषेतील शाळा चालत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले आणि वाघोली येथे त्यांच्यासाठी प्रकल्प उभा राहिला.

या दोन्ही घटनांत मुले मोठ्या गटाने आली आणि आपल्या माणसांत, आपल्या भाषेत वाढू शकली. एकट्याने आलेल्या मुलाला तो आधार नसतो. बालगृहात त्याच्या बोलीत बोलणारा दुसरा मुलगा असेल, याची शाश्वती नसते. त्याच्यासाठी तो गट कोणी तरी जुळवून द्यावा लागतो. भावंडांना एकत्र ठेवणे, आठवड्यातून एकदा घरी दूरध्वनी लावून देणे, त्याच्या भागातील एखाद्या कार्यकर्त्याची भेट घडविणे, सणाच्या दिवशी त्याची आठवण ठेवणे, अशा साध्या गोष्टींचा परिणाम मोठा असतो.

प्रशिक्षणार्थीच्या मर्यादा

प्रशिक्षणाचा काळ ठरलेला असतो आणि तो संपतो. एकट्या मुलाच्या आयुष्यातून आधीच अनेक माणसे निघून गेलेली असतात. म्हणून आपण किती दिवस येणार आहोत, हे पहिल्याच आठवड्यात सांगावे, निरोप अचानक घेऊ नये आणि पुढचा कार्यकर्ता कोण, याची ओळख करून द्यावी. स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक देणे, पैसे वा महागड्या भेटी देणे, मुलाला स्वतःच्या घरी नेणे या गोष्टी टाळाव्या लागतात. त्यामागे मायेचा अभाव नसतो. पुढे पाळता न येणारे नाते जोडू नये, एवढाच हेतू असतो.

गोपनीयता हा दुसरा कडक नियम आहे. मुलाचे नाव, छायाचित्र, गाव, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाविद्यालयात सादर होणाऱ्या क्षेत्रकार्याच्या अहवालातही नावे बदलून लिहावी लागतात. वहीत लिहिलेली नोंद बसमध्ये विसरणे ही किरकोळ चूक ठरत नाही.

या कामाचा ताण विद्यार्थ्यावरही येतो. ऐकलेल्या गोष्टी घरी पोचल्यावरही पाठ सोडत नाहीत. देखरेख करणाऱ्या प्राध्यापकाशी दर आठवड्याला होणारी चर्चा ही केवळ गुणांसाठी नसते. मनावरचा भार बोलून हलका करण्याची आणि आपण घेतलेला निष्कर्ष तपासून घेण्याची ती जागा असते.

नागरिकांसाठी

एकटे मूल सर्वप्रथम पाहतो तो बहुधा सामान्य माणूसच : रिक्षाचालक, दुकानदार, सोसायटीचा सुरक्षारक्षक, अंगणवाडी सेविका किंवा घरमालक. त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

- १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. हरवलेले, सोडून दिलेले वा निराधार दिसणारे मूल ताब्यात आल्यास चोवीस तासांच्या आत मदतसेवा, पोलिस ठाणे, बालकल्याण समिती किंवा बाल संरक्षण कक्षाला कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

- मुलाला दयेपोटी परस्पर घरी ठेवून घेऊ नये अथवा कोणाच्या ताब्यात देऊ नये. 'मी त्याचा मामा' असे सांगणाऱ्याचीही पडताळणी पोलिसांमार्फतच व्हावी.

- मुलाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवू नये. घरचे सापडण्यापूर्वी ते नको त्या माणसापर्यंत पोचू शकते.

- सोबतच्या प्रौढाला गुन्हेगार ठरवून गर्दी जमवू नये. संशय यंत्रणेला कळवावा आणि पडताळणीचे काम तिच्यावर सोपवावे.

- खोली भाड्याने देताना भाडेकरूसोबतची मुले कोणाची आहेत, ती शाळेत जातात का, हे विचारावे. शेजारी राहणारे मूल अचानक दिसेनासे झाले किंवा त्याचे आई-वडील बरेच दिवस परतले नाहीत, तर अंगणवाडी सेविकेला किंवा गावच्या बाल संरक्षण समितीला सांगावे.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच विधी, मानसशास्त्र आणि भाषा शिकणाऱ्यांनाही या कामात वाव आहे. त्यातही भोजपुरी, संथाळी, ओडिया किंवा नेपाळी बोलू शकणाऱ्या स्वयंसेवकांची गरज मोठी आहे. इच्छुकांनी आपल्या महाविद्यालयाच्या पत्रासह जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी किंवा मान्यताप्राप्त बालगृहाशी संपर्क साधावा. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी आणि गोपनीयतेचे लेखी हमीपत्र यांची तयारी आधीच ठेवावी.